पायरीमागचं कुंकू

"फेस फुगतोय का कुठं?" दादासोंनी खोक्यावर बसल्या बसल्या विचारलं.

बसखालून उत्तर आलं नाही. तिथे नाथाजी बर्गे उताणे पडले होते. छातीवर साबणाच्या पाण्याचा वाडगा आणि हातात दाढीचा ब्रश. मागच्या हवेच्या टाकीवरच्या एकेका जोडाला ते नव्या नवरीला हळद लावावी इतक्या हळुवारपणे फेस लावत होते. हवा निसटत असेल तिथे बुडबुडा फुगणार, इतकं साधं हे काम. पण फेस जागच्या जागी बसून राहायचा आणि थोड्या वेळाने विरून जायचा.

"आरं नाथा, फुगतोय का न्हाई?" त्यांचे जुने दोस्त दादासो आवाज चढवून म्हणाले.

"न्हाई! ऐकलं की एकदा. सारखा काय वराडतोस?"

खरं म्हणजे त्यांनी पहिल्यांदा काहीच ऐकलं नव्हतं. पण हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी बसखालीच मुक्काम केला असता.

नवरात्राची सातवी माळ होती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बस औंधला यमाईच्या पायाशी न्यायची आणि तिथून पुढे थेट पठाणकोटपर्यंत, असं नाथाजींनी गावभर सांगून ठेवलं होतं. गाव ऐकून घेत होतं. कोरेगावपासून कोसभरावर, उसाच्या बांधाला, चिंचेखाली ती बस दोन वर्षं उभी होती आणि गावातली पोरं तिला 'नाथाआबाचं जहाज' म्हणत होती. एका शाळेची मोडीत निघालेली ही मोठी बस. नाथाजींनी तिच्यातले बाक उपसून टाकले आणि एकट्याने तिच्यात घर उभं केलं. पलंग, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी, ताटं ठेवायला पट्टी मारलेली फळी. आणि दारात हवेवर चालणारी पायरी. दार उघडलं की फुस्स करून खाली यायची, बंद केलं की वर जायची. त्यांच्या बायकोच्या, हरणाबाईंच्या गुडघ्यांना बसची मूळची उंच पायरी झेपत नव्हती, म्हणून ही खास सोय.

सगळं झालं होतं. फक्त बस हवा धरत नव्हती.

अशा गाडीला हवा म्हणजे जीव की प्राण. ब्रेक हवेवर चालतात आणि हवा संपली तर चाकं जागच्या जागी आवळली जातात. संध्याकाळी इंजिन चालवून दाबाचा काटा आठावर नेऊन ठेवावा, तर सकाळी मागच्या टाकीचा काटा शून्यावर लोळत पडलेला. नाथाजींनी सगळं रीतसर केलं होतं. ब्रेक न दाबता काटा किती उतरतो ते पाहिलं, मग ब्रेकच्या पायदानावर काठी रेटून तो दाबून ठेवला आणि पुन्हा पाहिलं. दोन्ही वेळेला उतार सारखाच. म्हणजे चाकांकडे दोष नाही, टाकी आणि ब्रेक यांच्यामध्येच कुठेतरी भोक आहे. मग टाकी, नळ्या, जोड, सगळ्यांवर फेस फिरवून झाला. भोक काही सापडेना.

आणि सापडत नव्हतं याचीच नाथाजींना लाज वाटत होती. चोवीस वर्षं ते लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. हवालदार बर्गेंना साबण लागत नसे. दहा गाड्यांचा गोंगाट चालू असायचा आणि साहेब म्हणायचा, "बर्गे को बुलाओ, कान लगाएगा." बर्गे यायचे, मान तिरकी करायचे, डोळे मिटायचे आणि बोट दाखवायचे. बोट दाखवलेल्या जागीच हवा निसटत असायची. त्यांच्या कानाची कीर्ती जबलपूरपासून तेजपूरपर्यंत पोचली होती आणि पत्रांतून कोरेगावलाही.

तो कान आता गेला होता. जाड आवाज यायचे. ट्रॅक्टर, म्हैस, दादासो. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले होते. चिमण्या गेल्या, सायकलची घंटी गेली आणि हवेची शीळ गेली. नाथाजी अजूनही नळीशी कान नेऊन डोळे मिटत, पण ते फक्त दादासोंना दाखवण्यासाठी. आतून त्यांना भीती वाटे. कुणी विचारलं तर काय सांगायचं याची नव्हे, तर मग आपण कोण उरलो याची.

दुपारी दादासो जेवायला घरी गेले आणि हरणाबाई डबा घेऊन आल्या. दार उघडलं, पायरी खाली आली, त्या दांडीला धरून वर चढल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या. ही त्यांची रोजची जागा. बाहेर पुरुषभर उंचीचा ऊस होता आणि वारा सुटला की पात्यांची लाट पुढून मागे सरकत जाई. बराच वेळ तिकडे पाहत राहिलं की ऊस थांबलाय आणि गाडीच निघाली आहे असं वाटू लागे. चिंचेची सावली काचेवरून घरंगळायची, ताटाच्या फळीवर उजेड हलायचा. हरणाबाईंचे डोळे अर्धवट मिटत.

"आज कुठं आलो वं?" त्यांनी विचारलं.

हा दोघांचा जुना खेळ होता. नाथाजी हात पुसत त्यांच्यासमोर बसले. "जबलपूर. उतरू नगंस, गाडी दोनच मिनटं थांबतीया."

"चहा तरी घ्या की खिडकीतनं."

"घेतला. लय गोड हाय."

हरणाबाई हसल्या. तीस वर्षांपूर्वी नाथाजी पत्र लिहायचे आणि शेवटी 'तुला एकदा दावीन' असं टाकायचे. हरणाबाई इकडे सासू, म्हशी, तीन एकर ऊस आणि पोटची पोर सांभाळत राहिल्या. नाथाजी निवृत्त झाले, तर आधी सासूचं आजारपण निघालं, मग मुलीचं लग्न, मग विहिरीचं काम. हरणाबाईंनी कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी एकदा भाकरी थापता थापता त्यांनी सहज विचारलं होतं, "तुमच्या पठाणकोटच्या कुंपनाला त्ये लाल फुलांचं झाड होतं, त्ये कसलं वं?" नाथाजींना ते झाड आठवलंच नाही. आपण लिहून विसरलो आणि ही बाई इतकी वर्षं ते झाड सांभाळत बसली, हे त्यांना फार लागलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मोडीतली बस पाहिली.

"आवं," खिडकीकडची मान वळवून हरणाबाई म्हणाल्या, "ती पायरी जरा बघता का? कुरकुरल्यावानी वाटतीया."

"पायरीला काय धाड भरलीया? म्या सोता बसवलीया ती."

"तसं न्हवं, आपलं वाटलं."

"मागच्या टाकीचा दोष हाय तो. तुला न्हाई कळायचं."

हरणाबाईंनी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. संध्याकाळी सांगलीहून संयोगिताचा फोन आला. ही त्यांची एकुलती एक लेक, तिथे शाळेत शिक्षिका. फोन हरणाबाईंनी धरला होता आणि आवाज मोठा ठेवला होता.

"आबा, हवा राहतेय का?"

"ऱ्हाईल की. दोन दिस हाईत."

"आबा, मी स्पष्ट बोलते. घाटात हवा गेली आणि चाकं आवळली, मागून ट्रक आला, तर काय करायचं? दसऱ्याला सकाळी मी येतेय. आदल्या रात्रीची हवा सकाळपर्यंत राहिली तर खुशाल जा, मी नारळ फोडते. नाही राहिली तर जायचं नाही. दिवाळीनंतर आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. त्यानंतर मी तिला या गाडीत चढू देणार नाही."

"आगं, पर..."

"आणि सांगलीहून चांगला मेकॅनिक पाठवू का?"

हे मात्र नाथाजींना नीट ऐकू आलं. "मेकॅनिक?" ते म्हणाले, "मग मी कोन हाय?" आणि उसाच्या बांधाने चालू लागले. हरणाबाई त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या.

खंडेनवमी उजाडली. काटा नेहमीप्रमाणे शून्यावर होता. त्या दिवशी हत्यारं पुजायची आणि एकदा पुजली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, अशी बर्ग्यांच्या घरची रीत. नाथाजींनी ती लष्करातही मोडली नव्हती. त्यांनी पोतं अंथरलं आणि पान्हे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले, हातोडी, करवत, पक्कड, कोयता मांडला. शेवटी दाढीचा ब्रशही ठेवला.

"ह्यो बी?" हरणाबाई म्हणाल्या.

"दोन म्हैने त्योच राबलाय. त्येला मान नगं व्हय?"

हरणाबाई तबक घेऊन आल्या होत्या. वाटीत कुंकू पाण्यात कालवून चांगलं ओलं केलं होतं. हत्यारांना झालं, मग त्या बसकडे वळल्या. चाकांना बोटं ओढली, दिव्यांना टिकल्या लावल्या. पायरीवरून वर गेल्या, स्टिअरिंगला लावलं, त्या हट्टी काट्याच्या काचेलाही लावलं. खाली उतरल्या. आणि मग एका हाताने दाराची दांडी घट्ट धरून, ओठ आवळून, ज्या बाईला खाली पडलेला चमचा उचलवत नव्हता ती वाकली. आणखी वाकली. पायरीच्या मागे, आतल्या अंधारात हात घातला आणि एक बोट टेकवून आली.

"तिकडं कशाला?" नाथाजींनी विचारलं.

"मला रोज वर घेतीया ती. तिला नगं व्हय?" हरणाबाई धापा टाकत म्हणाल्या, आणि तबक घेऊन चिंचेखाली जाऊन उभ्या राहिल्या. घरी मात्र गेल्या नाहीत.

नाथाजी सकाळी इंजिन चालवून बसले होते, टाकी भरलेली होती. त्यांनी सहज खाली बसून पायरीच्या मागे पाहिलं. मागच्या टाकीतून पायरीला हवा देणाऱ्या पांढऱ्या नळीच्या टोकाशी, ज्याला त्यांनी कधी फेस लावलाच नव्हता त्या जोडावर, लाल ओला ठिपका होता. तो हलला. फुगला, मण्याएवढा झाला आणि फुटला. पुन्हा फुगला. फटीतून आलेलं ऊन त्याच्यातून आरपार जात होतं. नाथाजी किती वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्या लहानशा लाल मण्यात सगळा ऊस उलटा दिसत होता.

ते उठले. हरणाबाई उसाकडे तोंड करून उभ्या होत्या.

"कवापास्नं ऐकू येतंय तुला?"

"श्रावणापास्नं." त्या वळल्या. नाथाजींना नीट दिसावं अशा त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश बोलल्या. गेली तीन वर्षं त्या अशाच समोर येऊन बोलत होत्या, हे नाथाजींच्या आत्ता ध्यानात आलं. "दुपारी पलंगावर पडलं की दाराशी बारीक शीळ वाजायची."

"आन् माझं? माझं कवा कळलं?"

"कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावलं हुतं तुमास्नी. भात जळाला, तरी तुमी 'एकबी न्हाई झाली' म्हणून बसून राह्यलासा. तवाच."

नाथाजींनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मग सांगायचं न्हाई व्हय? दोन म्हैने मी त्या टाकीखाली लोळतोय."

"काय सांगू?" हरणाबाई म्हणाल्या. "चोवीस वर्सं पत्रात वाचत आले. सायेब बर्गेलाच बोलावतो, बर्गेच्या कानाला तोड न्हाई. माझ्या नवऱ्याचं येवढंच तर मला ठावं हुतं. दुसरं काय हुतं इथं माझ्यापाशी? त्येला मी सांगू व्हय, की आवं, तुमच्या पायापाशी वाजतंय आन् तुमास्नी कळंना? आन् खरं सांगू का? मला गोड वाटायचा त्यो आवाज. डोळं मिटलं की वाटायचं, गाडी चाललीया. लय लांब चाललीया."

नाथाजींना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

आता प्रश्न असा होता की हत्यारं पुजून झाली होती. ती उचलायची तर रीत मोडते, न उचलावी तर उद्या सकाळी लेक दारात. नाथाजींनी पोत्यावरच्या ओळीकडे पाहिलं आणि मग गालावरून हात फिरवला. दाढीचा ब्रश पुजला होता. ब्लेड नव्हतं पुजलं!

टाकीखालची रिंग बोटाने ओढून त्यांनी सगळी हवा सोडून दिली. पायरीमागच्या जोडाची कडी अंगठ्याने दाबून धरली आणि नळी ओढली. ती अलगद हातात आली. तिच्या टोकाकडे पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. टोक तिरकं होतं, आणि असं तिरकं कापलेलं टोक आतल्या रबरात नीट बसत नाही, एका अंगाने हवा वाट काढते. पायरी बसवताना हरणाबाईंचा गुडघा सुजलेला होता, नाथाजींना घाई झाली होती आणि हाताशी उसाचा कोयता होता. एका घावात त्यांनी नळी तोडली होती, उसाच्या शेंड्यावरचं वाढं छाटावं तशी. जबलपूरला एका जवानाने नळी अशी तिरकी कापली, तेव्हा याच हवालदार बर्गेंनी त्याच्याकडून शंभर तुकडे सरळ कापून घेतले होते.

"शंभर तुकडं," ते स्वतःशीच म्हणाले. लाकडाच्या ठोकळ्यावर नळी धरून त्यांनी ब्लेडने टोक काटकोनात कापलं, कुंकू पुसून घेतलं आणि नळी जोडात खटकन बसेपर्यंत दाबली. इंजिन चालू करणं म्हणजे हत्यार उचलणं नव्हे, असा निवाडा हरणाबाईंनी दिला. काटा आठावर गेला. हरणाबाईंनी पुन्हा एकदा वाकून नवं कुंकू लावलं. दोघं शेजारी शेजारी बसून पाहत राहिले. ठिपका हलला नाही. उन्हात हळूहळू सुकत गेला.

दसऱ्याला सकाळी संयोगिता आली ती आधी काट्यापाशीच गेली. काटा आठाला चिकटून उभा होता. "आबा! जमलं की तुम्हाला!" ती ओरडली. दादासोही येऊन पोचले होते. नारळ, आपट्याची पानं, सगळं तयार होतं. नाथाजींना फक्त हसायचं होतं आणि किल्ली फिरवायची होती. कुणी काही विचारत नव्हतं.

"म्या न्हाई शोधलं," नाथाजी म्हणाले. "तुझ्या आयनं शोधलं. मला ऐकू येत न्हाई, संयू. बारीक आवाज आजाबात न्हाई. मागनं कुनी हारन मारला तर मला कळायचं न्हाई."

नाथाजींनी खिशातून किल्ली काढली. दोन वर्षं ती किल्ली त्यांनी उशाखाली ठेवून झोप काढली होती. तळहातावर क्षणभर तिचं वजन पाहिलं आणि ती दादासोंपुढे धरली. दादासोंनी उभा जन्म एस.टी. चालवली होती.

"तू चालीव."

"तुला ऐकू येत न्हाई ह्ये मला ठावं हाय की," दादासो किल्ली घेत म्हणाले. "म्हनून तर वराडतोय दोन म्हैने."

संयोगिताने बापाचा हात धरला. दिवाळीनंतर सांगलीला आले की कानाच्या डॉक्टरकडेही जायचं, असं तिने बजावलं. नाथाजींनी मान हलवली. मग तिने नारळ फोडला, चाकांखालची लिंबं चिरडली गेली आणि नाथाआबाचं जहाज उसाच्या बांधावरून हललं. संयोगिता बांधावरून हात हलवत होती, पोरं मागून धावत होती.

नाथाजी हरणाबाईंसमोर, खिडकीशी बसले. गाडीत बसून पायाखाली ब्रेक नाही, अशी वेळ त्यांच्यावर फार वर्षांनी आली होती. पहिल्या दोन वळणांना त्यांचा उजवा पाय आपोआप फळीवर दाबला गेला. तिसऱ्या वळणाला तो सैल पडला. बाहेर ऊस मागे जात होता, खरंच मागे जात होता. विहिरी, आल्याची शेतं, कुणाच्या तरी दारातली झेंडूची तोरणं मागे जात होती. इतकी वर्षं रस्ता पाहिला, पण रस्त्याच्या कडेला काय असतं ते पाहायचं राहूनच गेलं होतं.

"आज कुठं आलो वं?" हरणाबाईंनी विचारलं.

नाथाजींनी बाहेरची पाटी वाचली. "रहिमतपूर," ते म्हणाले. हरणाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा काचेला कपाळ टेकलं.

वाटेत जेवण करून, दादासोंची डुलकी काढून औंधला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. यमाईचा डोंगर समोर निळसर उभा होता. दादासोंनी डोंगराच्या पायथ्याशी मोकळ्या जागी बस लावली आणि इंजिन बंद केलं. दार उघडलं, पायरी खाली आली. हरणाबाई उतरल्या आणि त्याच पायरीवर टेकल्या. नाथाजी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"काय काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

हरणाबाईंनी तोंड त्यांच्याकडे वळवलं. "देवळातली घंटा. येक टिटवी हाय त्या माळाला. गवात वाजतंया. कुनाची तरी पोरगी आजीला हाका मारतीया." त्या एकेक आवाज निवडून निवडून त्यांच्या हातावर ठेवत होत्या आणि नाथाजी मान हलवत होते.

"आन् पायरी?"

हरणाबाईंनी डोळे मिटले. मान तिरकी केली. बराच वेळ त्या तशाच राहिल्या.

"गप हाय," त्या म्हणाल्या.

दादासोंनी पुढच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "नाथा! काटा बघू का रं?"

"नगं," नाथाजी म्हणाले. "तिनं ऐकलंय."